जागतिक रोड रेसमध्ये पाठलाग कोण करणार?

मुलुंडच्या एका तरुण सायकलपटूने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. २०२५ मध्ये रवांडातील किगालीच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने शंभराहून अधिक किलोमीटर शिल्लक असताना हल्ला केला, तेव्हा मागे बेल्जियम, फ्रान्स, इटली, स्पेन असे मातब्बर संघ असूनही त्याला कोणी गाठू का शकले नाही. टूर द फ्रान्समध्ये दिसणारे डावपेच या एका दिवसाच्या शर्यतीत तसेच्या तसे का चालत नाहीत. आणि सप्टेंबर २०२६ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियलला, याच स्पर्धेत, त्याला हरवू शकेल असा कोण आहे. मी स्वतः बरीच वर्षे रोड रेस केली आहे आणि आता ठाणे व नवी मुंबई भागातील मुलांना शर्यतींसाठी तयार करतो. माझ्या मते या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. पळालेल्याला पकडण्याची जबाबदारी कोणावर येते आणि ती टाळण्याची मुभा कोणाला असते, हे ज्याने शर्यतीआधी नीट ओळखले त्याला जागतिक शर्यतीचा निकाल सहसा चकित करत नाही. पायातील ताकदीचा विचार त्याच्यानंतर येतो.

सुरुवात हवेपासून करावी लागते. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे गेल्यावर सायकलपटूची बहुतांश ताकद केवळ हवा कापण्यात खर्च होते. दुसऱ्याच्या चाकामागे चिकटून राहिले तर साधारण तिसरा हिस्सा श्रम वाचतात आणि घोळक्याच्या पोटात त्याहून कितीतरी अधिक. म्हणून सपाटीवर एकट्याने पळणारा, मागे दहा-बारा जण मनापासून आलटून पालटून पुढे येऊन वारा घेत असतील, तर टिकत नाही. चढावर मात्र वेग वीसच्या आसपास येतो, लढत वाऱ्याऐवजी गुरुत्वाकर्षणाशी होते आणि मागे बसणाऱ्याची सवलत जवळजवळ संपते. त्यामुळे बलवान सायकलपटू हल्ल्यासाठी चढ निवडतो, आणि त्याला पकडायचे असेल तर ते काम दोन चढांमधल्या सपाट व उताराच्या रस्त्यावर करावे लागते. वर ‘मनापासून’ असे लिहिले आहे ते जाणीवपूर्वक, कारण जागतिक शर्यतीत सर्वात दुर्मीळ गोष्ट तीच असते.

याचे कारण जर्सी. वर्षभर हे सायकलपटू प्रायोजकांच्या संघांतून खेळतात, त्यांचा पगार तिथून येतो, पुढच्या हंगामाचा करार तिथे ठरतो, आणि टूरमध्ये सात जण एका नेत्यासाठी तीन आठवडे राबतात. जागतिक शर्यतीत त्यांच्या अंगावर देशाची जर्सी असते. मोठ्या देशांना जास्तीत जास्त आठ जण उतरवता येतात, लहान देशांच्या वाट्याला त्याहून कमी, काहींच्या वाट्याला तर एखादाच. यातून दोन गुंते तयार होतात. जे दहा महिने एकमेकांविरुद्ध लढले त्यांनी एका दिवसापुरते एकमेकांसाठी झिजावे अशी अपेक्षा असते, आणि जे दहा महिने एका ताटात जेवले ते परस्परविरोधी संघांत असतात. शिवाय मिळणारे बक्षीस वाटून घेण्यासारखे नसते. निळा, लाल, काळा, पिवळा आणि हिरवा पट्टा असलेली पांढरी जर्सी वर्षभर एकच जण घालतो. त्याला ती मिळवून देणाऱ्याच्या हाती देशाच्या कौतुकापलीकडे फारसे काही पडत नाही.

बेल्जियमला या गुंत्याची किंमत वारंवार मोजावी लागली आहे. १९७३ मध्ये बार्सिलोनाला शेवटी चौघे उरले होते आणि त्यात एडी मर्क्स व फ्रेडी मार्टेन्स असे दोन बेल्जियन होते. अंतिम टप्प्यात दोघांचा मेळ बसला नाही, मर्क्स मागे पडला, इटलीच्या फेलिचे जिमोंडीने मार्टेन्सला रेषेवर मागे टाकले आणि स्पेनचा लुईस ओकान्या तिसरा आला. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो असा, आणि त्या दिवशी चूक कोणाची यावरून त्या दोघांत पुढे कित्येक वर्षे धुसफूस चालू होती. २०२१ ची शर्यत बेल्जियमच्याच अंगणात, लुव्हेनला होती. वाउट व्हॅन आर्ट हा ठरलेला नेता होता आणि रेमको एव्हनपूलने आपल्या वाट्याची शर्यत त्याच्यासाठी ओढण्यात, म्हणजे पुढे राहून वारा घेत वेग राखण्यात, खर्च केली. व्हॅन आर्टचे पाय त्या दिवशी चालले नाहीत, फ्रान्सचा ज्युलियन अलाफिलीप सलग दुसऱ्यांदा विजेता ठरला आणि लुव्हेनचाच यास्पर स्टाऊव्हेन चौथा आला, म्हणजे यजमानांना पदकसुद्धा मिळाले नाही. मला स्वतःसाठी लढण्याची संधी मिळाली असती तर मी जिंकलोही असतो, अशा अर्थाची खंत एव्हनपूलने पुढे उघड केली, आणि त्यात तथ्य होते असे मला वाटते. नेता आधी जाहीर केला की विरोधकांचे काम सोपे होते. त्यांना फक्त एका माणसावर नजर ठेवावी लागते.

डावपेच शिकवताना मी मुलांना सगळ्यात जास्त वेळा दाखवतो ती शर्यत मात्र २०१३ ची, फ्लॉरेन्सची. पावसात झालेल्या त्या शर्यतीच्या अखेरीस चौघे पुढे होते: स्पेनचे होआकिम रॉड्रिगेझ आणि आलेहांद्रो व्हाल्व्हेर्दे, इटलीचा व्हिन्चेंझो निबाली आणि पोर्तुगालचा रुई कोस्टा. कागदावर स्पेनला यापेक्षा चांगली परिस्थिती मागूनही मिळाली नसती. रॉड्रिगेझ पुढे निसटला. आता पाठलाग कोणी करायचा? व्हाल्व्हेर्देने करायचा नाही, कारण पुढे त्याचाच देशबंधू आहे. निबालीने करायचा, कारण शर्यत इटलीत आहे आणि त्याच्या मागे कोणी उरलेले नाही. निबाली ओढत राहिला, व्हाल्व्हेर्दे त्याच्या चाकामागे बसून राहिला, इथपर्यंत सारे हिशेबाप्रमाणे. मग कोस्टाने उडी घेतली. त्या क्षणी व्हाल्व्हेर्दे तत्काळ कोस्टाच्या चाकावर बसला असता, तर पुढे पोहोचल्यावर स्पेनचे दोन आणि पोर्तुगालचा एक अशी स्थिती झाली असती आणि कोस्टाला दोन्ही बाजूंनी हल्ले सोसावे लागले असते. व्हाल्व्हेर्दे गेला नाही. कोस्टाने रॉड्रिगेझला गाठले, थोडा दम घेतला आणि स्प्रिंटमध्ये त्याला हरवले. व्हाल्व्हेर्दे तिसरा आला. कोस्टा आणि व्हाल्व्हेर्दे त्या वर्षी एकाच व्यावसायिक संघाचे सहकारी होते, त्यामुळे तेव्हा बरीच कुजबूज झाली. मला त्यात कटापेक्षा साडेसात तासांच्या थंडी-पावसाने बधिर झालेले डोके अधिक दिसते. चौघांपैकी ज्या एकाकडून कोणाचीच कसली अपेक्षा नव्हती तो जिंकला, हे महत्त्वाचे.

टूरमध्ये असे प्रसंग कमी येतात, कारण तिथे संघाच्या मोटारीतून कानात सूचना येत असतात आणि चुकलेला निर्णय दुसऱ्या दिवशी भरून काढता येतो. जागतिक आणि ऑलिंपिक शर्यतीत रेडिओला परवानगी नसते. पुढे कोण आहे आणि किती अंतरावर आहे हे मोटारसायकलवरील फळ्यावरून किंवा संघाच्या गाडीपाशी जाऊन समजून घ्यावे लागते. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या महिलांच्या शर्यतीत याचा परिणाम साऱ्या जगाने पाहिला. ऑस्ट्रियाची आना कीसेनहोफर, जिचा त्या वेळी कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार नव्हता आणि जिच्या देशाची ती एकटीच स्पर्धक होती, पहिल्याच किलोमीटरपासून पळालेल्या गटात होती आणि शेवटी एकटी उरली. नेदरलँड्सच्या चौघी जगातल्या सर्वोत्तम होत्या. त्यांनी बाकीच्या पळालेल्यांना पकडले आणि सगळे पकडले गेले असा त्यांचा समज झाला. आनेमीक व्हॅन व्ल्यूटेनने रेषा ओलांडताना दोन्ही हात उंचावले, तेव्हा कीसेनहोफर सव्वा मिनिट आधीच सुवर्णपदक जिंकून बसली होती.

आता किगाली. एकूण २६७.५ किलोमीटर, सुमारे ५,४७५ मीटर चढ, समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटर उंची, आणि शहरातल्या फेऱ्यांमध्ये किगाली गोल्फचा व फरसबंदीचा किमिहुरुरा असे दोन चढ पुन्हा पुन्हा. मधे एकदाच मार्ग वळसा घालून माँट किगालीवर जात होता. हा चढ जवळपास सहा किलोमीटरचा, सरासरी सात टक्क्यांच्या जवळचा. पोगाचारने हल्ला तिथेच केला, सुमारे १०४ किलोमीटर बाकी असताना. त्याच्याबरोबर स्पेनचा हुआन आयुसो आणि मेक्सिकोचा इसाक देल तोरो टिकले. आयुसो लवकर सुटला, देल तोरोही पुढे मागे पडला, आणि अखेरचे साठेक किलोमीटर पोगाचार एकटा होता. एव्हनपूल दुसरा आला, १ मिनिट २८ सेकंदांनी. आयर्लंडचा बेन हीली तिसरा. सुरुवात करणाऱ्या १६५ जणांपैकी शर्यत पूर्ण करू शकले ते फक्त तीस.

इतक्या लवकर हल्ला करणे बाहेरून अविचार वाटते. २०२४ मध्ये झुरिकला त्याने शंभर किलोमीटर आधी हेच केले, तेव्हा मागच्या मातब्बरांनाही तो आत्मघातच वाटला होता. पण मदतनीसांच्या बाजूने पाहिले की यातला हिशेब उघड होतो. बेल्जियमचे किंवा फ्रान्सचे आठ जण नेत्याला वाऱ्यापासून वाचवून शेवटच्या दोन फेऱ्यांपर्यंत नेण्यासाठी आलेले असतात. त्यांच्या दृष्टीने १०४ किलोमीटर शिल्लक म्हणजे शर्यत अजून सुरूही झालेली नाही. लांब चढावर पोगाचारने वेग वाढवला की घोळका त्याच क्षणी फुटतो, पुढे राहतात ते केवळ नेते, आणि त्यांचे मदतनीस मिनिटभर मागे कुठेतरी तुकड्यातुकड्यांत धापा टाकत असतात. पाठलागासाठी ठेवलेले सैन्य पाठलाग सुरू होण्याआधीच निकामी होते. स्लोव्हेनियाचा संघ बेल्जियमइतका भक्कम नाही. हल्ला उशिरा झाला असता तर ही उणीव पोगाचारच्या अंगाशी आली असती. लवकर हल्ला करून त्याने सगळ्यांनाच आपल्याइतके एकटे केले.

मागे उरलेल्या नेत्यांच्या गटात पुढे काय होते ते जवळून पाहण्यासारखे असते. सात-आठ जण एका रांगेत. पुढचा अर्धा मिनिट वारा घेतो, बाजूला सरकतो, कोपर हलवून मागच्याला पुढे येण्याची खूण करतो. दुसरा येतो, पण त्याची पाळी पंधरा-वीस सेकंदांतच संपते. तिसरा पुढच्या चाकापासून हातभर अंतर मुद्दाम पडू देतो, म्हणजे ते अंतर भरण्याचे काम चौथ्यावर येते. पाचवा मान खाली घालून रांगेच्या शेवटी जाऊन बसतो, कारण पुढे पळालेल्यांत त्याच्या देशाचा माणूस आहे आणि त्याला ओढण्याचे बंधन नाही. सहाव्याला आपण स्प्रिंटमध्ये कच्चे आहोत हे ठाऊक असते, म्हणून आपण ओढले तर पदक दुसऱ्यालाच जाणार ही भीती त्याला सोडत नाही. प्रत्येकजण थोडे थोडे राखून ठेवतो आणि अशा प्रत्येक राखून ठेवण्यात पुढच्याला दोन-तीन सेकंद मिळतात. हळूहळू मनात सुवर्णाची जागा रौप्य घेते, आणि एकदा रौप्याचा विचार सुरू झाला की पाठलाग संपलेलाच असतो. किगालीत एव्हनपूलला सायकल दोनदा बदलावी लागली होती. त्याने ती पिछाडी भरून काढली, हीली आणि डेन्मार्कचा मातियास शेल्मोसा यांनाही सोडून तो एकट्यानेच पुढे निघाला. त्याच्यापुरता तो निर्णय योग्य होता, पण तेव्हा पुढचे अंतर एकट्याच्या आवाक्यात राहिलेले नव्हते.

प्रश्नकर्त्याने आयुसो आणि देल तोरो यांच्याबद्दलही सूचकपणे विचारले आहे, कारण दोघेही त्या वेळी पोगाचारच्याच व्यावसायिक संघात होते. झुरिकलाही फ्रान्सचा पावेल सिवाकोव्ह त्याच्याबरोबर काही काळ होता आणि तोही त्याच संघाचा. मी याला संगनमत म्हणणार नाही. जगातल्या सर्वात बलवान माणसाचे चाक धरणे हा पदकाचा सर्वात सरळ रस्ता आहे, आणि वर्षभर त्याच्याबरोबर सराव करणाऱ्याला तो कधी उठणार हे इतरांपेक्षा आधी कळते. मात्र झुरिकला यान त्रात्निकने केलेले काम पूर्णपणे आखलेले होते. स्लोव्हेनियाने त्याला आधीच पळालेल्या गटात पाठवून ठेवले होते. पोगाचार मागून सुटल्यावर त्रात्निक पुढच्या गटातून मागे आला आणि त्याला ओढत पुढच्यांपर्यंत घेऊन गेला. टीव्हीवर हे काही मिनिटांतच संपले, पण त्या दिवसातला सर्वात मोलाचा डाव माझ्या मते तोच होता.

मुंबई–पुणे शर्यत ज्यांनी पाहिली किंवा केली आहे त्यांना यातील बरेच ओळखीचे वाटेल. खोपोलीहून बोरघाट चढताना शर्यत फुटते आणि घाटाचा राजा हा मान तिथे ठरतो, पण घाटमाथ्यावर पहिला येणारा पुण्यातही पहिला येईल याची खात्री नसते, कारण लोणावळ्यापासून पुढे साठ-पासष्ट किलोमीटरचा वाहता रस्ता उरतो आणि रेल्वे किंवा सेनादलासारख्या संघाचे तीन-चार जण मागे शिल्लक असतील तर एकट्याला पकडायला तेवढा रस्ता पुरतो. किगाली किंवा झुरिकच्या मार्गावर असा लांब सपाट रस्ता नव्हता. चढ, उतार, वळण, पुन्हा चढ, त्यामुळे मागच्यांना संघटित होण्यासाठी जागा मिळाली नाही. म्हणून प्रबळ दावेदारांची यादी वाचण्याआधी मी नेहमी मार्गाचा नकाशा पाहतो, आणि त्यात चढांच्या उंचीपेक्षा दोन चढांमधले अंतर पाहतो.

सपाट मार्गावरचे डाव निराळे असतात. २०१६ मध्ये दोहाला चढ नव्हताच, तिथे आडव्या वाऱ्याने शर्यत फोडली. वारा बाजूने येतो तेव्हा आडोसा मागच्या चाकाच्या सरळ रेषेत न मिळता तिरका मिळतो. सायकलपटू रस्त्याच्या रुंदीवर तिरकी रांग धरतात, रस्ता संपला की रांगेतली जागाही संपते, आणि ज्याला जागा मिळाली नाही तो कडेला एकटाच वारा खात राहतो. बेल्जियमने वाळवंटात वेग वाढवला आणि पुढच्या गटात आपले सहा जण ठेवले, जर्मनीचे नामवंत स्प्रिंटर मागे राहिले, आणि स्लोव्हाकियाचा पीटर सागान त्या गटात अगदी शेवटच्या क्षणी शिरला. सहा जण असूनही बेल्जियमला टॉम बूनेनचे कांस्यच मिळाले आणि जिंकला सागान. आमच्या मुलांना या प्रकाराचा सराव फार कमी असतो, कारण ती पहाटे बाहेर पडतात आणि पहाटे वारा पडलेला असतो. मे महिन्यात संध्याकाळी पाम बीच रोडवर खाडीवरून येणारा आडवा वारा हा उत्तम शिक्षक आहे. रहदारीमुळे तिथे मोठ्या गटाने तिरकी रांग धरता येत नाही, पण चौघांनी डाव्या कडेला राहून वाऱ्याची बाजू ओळखायला शिकणे नक्की जमते.

ज्यांची जिंकण्याची शक्यता आहे असे आपण म्हणतो, त्यांची परीक्षा सहाव्या तासात होते, ही गोष्ट इथल्या चर्चांमध्ये फारशी लक्षात घेतली जात नाही. २०१९ मध्ये यॉर्कशरला पावसामुळे मार्ग थोडा कमी करूनही अंतर २६० किलोमीटरच्या पुढेच होते. नेदरलँड्सचा माथ्यू व्हॅन डर पूल त्या दिवशी सर्वात ताकदवान दिसत होता आणि शेवटच्या फेरीत काही मिनिटांतच त्याचे पाय गळाले. शेवटी डेन्मार्कचा मॅड्स पेडरसन, इटलीचा मातेओ ट्रेंटिन आणि स्वित्झर्लंडचा स्टेफान क्युंग उरले. ताज्या पायांवर त्या तिघांत ट्रेंटिन सर्वात वेगवान होता, त्यामुळे सगळ्यांनी त्यालाच विजेता धरले होते. तो आधी उठला, मध्येच विझला, आणि तेवीस वर्षांचा पेडरसन त्याच्या बाजूने निघून गेला. आमच्याकडे मुले येऊरच्या चढावर वीस मिनिटांची सर्वोत्तम वॅटची संख्या, म्हणजे पायांच्या ताकदीचे माप, काढतात आणि त्यावरून आपली पायरी ठरवतात. मी त्यांना चार तास चालवून झाल्यावर तोच चढ पुन्हा करायला लावतो, आणि दोन आकड्यांतला फरक वहीत लिहून घेतो. तो फरक ज्याचा कमी, त्याला मी लांब शर्यतीत पुढे ठेवतो. गेल्या काही वर्षांत इतक्या लांबून केलेले हल्ले यशस्वी होऊ लागले, याचे एक मोठे कारण खाण्यात आहे. आता वरच्या पातळीवरचे सायकलपटू तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदके पचवतात, आणि त्यासाठी पोटाला महिनोन्‌महिने सवय लावतात. पूर्वी एकट्याने पळणारा तिसऱ्या तासाला रिकामा होत असे. आता तो मागच्यांइतकाच भरलेला असतो, आणि घोळक्याचा जुना फायदा तेवढा कमी झाला आहे. मुंबईच्या दमट हवेत इतके गोड पोटात टिकत नाही अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. ती खरी आहे, पण तासाला ५० ग्रॅमपासून सुरू करून आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवले तर बहुतेकांचे पोट ऐकते.

पोगाचार जिंकतो म्हणून लवकर हल्ला हाच एक मार्ग उरला आहे असे समजू नये. त्याच किगालीत आदल्या दिवशी महिलांच्या शर्यतीत नेमके उलटे घडले. डेमी व्होलरिंग, आना व्हान डर ब्रेगेन, एलिसा लोंगो बोर्गिनी, पोलीन फेराँ-प्रेव्हो अशा एकाहून एक नामवंत स्पर्धक एकमेकींकडे पाहत राहिल्या. ओढायचे कोणी, हा प्रश्न प्रत्येकीने दुसरीवर ढकलला. कॅनडाची मॅग्डेलेन व्हॅलिएर पुढच्या गटात होती, तिने शेवटच्या फेरीत न्यूझीलंडची निएम्ह फिशर-ब्लॅक आणि स्पेनची मावी गार्सिया यांना सोडले आणि जिंकली. तिच्यावर कोणाचे लक्ष नव्हते असे म्हणणे तिच्यावर अन्याय होईल. ज्या क्षणी मोठ्या नावांना निर्णय करता आला नाही, त्या क्षणी ती योग्य जागी होती, आणि तिथे पोहोचण्यासाठीच्या शेकडो वळणांवर तिने आपली जागा राखली होती. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील वूलोंगाँगला कोपराचे हाड मोडलेले असताना व्हॅन व्ल्यूटेनने शेवटच्या किलोमीटरात मागून येऊन न थांबता पुढे जाणे, हेही त्याच जातीचे. बाकीच्या जणी स्प्रिंटसाठी एकमेकींना जोखत होत्या आणि वेग क्षणभर पडला होता.

आता मॉन्ट्रियल. २० ते २७ सप्टेंबर २०२६ दरम्यान तिथे जागतिक स्पर्धा होणार आहे आणि निर्णायक चढ माँट रॉयलचा असेल. इथे १९७४ मध्ये मर्क्सने जिरो (इटलीची तीन आठवड्यांची शर्यत), टूर आणि जागतिक अजिंक्यपद अशी तिन्ही विजेतेपदे एकाच वर्षात पूर्ण केली होती. त्याच्यामागे अवघ्या दोन सेकंदांनी दुसरा आला तो फ्रान्सचा रेमों पुलिडोर, म्हणजे व्हॅन डर पूलच्या आईचे वडील. दरवर्षी याच टेकडीवर होणारी एकदिवसीय शर्यत पोगाचारने २०२२ आणि २०२४ मध्ये जिंकली, आणि २०२५ मध्ये तो आपला सहकारी, अमेरिकेचा ब्रँडन मॅकनल्टी याच्यासोबत सर्वांच्या पुढे रेषेवर आला व मॅकनल्टीला पहिला येऊ दिले. पोगाचार जिंकला तर सागाननंतर सलग तीन वर्षे जिंकणारा तोच ठरेल, आणि तीन विजेतेपदे मिळवणाऱ्या बिंडा, व्हान स्टीनबर्गेन, मर्क्स, फ्रेरे आणि सागान यांच्या पंक्तीत बसेल. प्रबळ दावेदार तोच, यात दुमत नाही.

त्याला गाठू शकेल असा माझ्या मते पहिला माणूस एव्हनपूलच. सलग तीन वर्षे वैयक्तिक टाइम ट्रायलचा, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने करायच्या शर्यतीचा, जगज्जेता असलेला सायकलपटू अर्ध्या मिनिटाच्या आत राहिला तर पुढच्याला चैन पडू देत नाही. पण बेल्जियमने पोगाचारच्या हल्ल्याची वाट पाहत बसू नये. एव्हनपूलने २०२२ मध्ये वूलोंगाँगला जे केले ते पुन्हा करावे: मोठी नावे अजून एकमेकांकडे पाहत असताना पंचवीसेक जणांच्या गटात आधीच निघून जावे आणि पाठलागाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकावे. त्या वेळी मागच्यांना हिशेब कळेपर्यंत तो दोन मिनिटांहून अधिक पुढे होता. हीलीकडून मला नेहमी आशा असते, कारण आयर्लंडचा संघ लहान आहे, त्याच्यावर ओढण्याचे बंधन नाही आणि तो संकोच न करता लांबून निघतो. देल तोरोच्या देशाचीही स्थिती तशीच. पोगाचारचे चाक सोडायचे नाही, हा त्याचा सर्वात शहाणपणाचा बेत ठरेल. फ्रान्सचा पॉल सेक्सास २०२५ च्या युरोपियन स्पर्धेत एकोणिसाव्या वर्षी पोगाचार आणि एव्हनपूल यांच्यामागे तिसरा आला. त्याच्या मागे फ्रान्सचा भरभक्कम संघ असेल, आणि अशा संघाने तरुण मुलाला एकमेव नेता न करता दोघा-तिघांना मोकळे सोडावे असे मला वाटते. व्हॅन डर पूलच्या बाबतीत मी साशंक आहे. २०२३ मध्ये ग्लासगोच्या वळणावळणाच्या मार्गावर तो शेवटच्या टप्प्यात पडूनही दीड मिनिटापेक्षा जास्त फरकाने जिंकला, पण माँट रॉयल इतक्या वेळा चढणे त्याच्या बांध्याला मानवणारे नाही.

पोगाचारला हरवण्याचा मला दिसणारा रस्ता दीडशे किलोमीटर बाकी असतानाच सुरू होतो. बेल्जियम, फ्रान्स आणि आणखी एखाद्या संघाने आपले दुय्यम पण धोकादायक सायकलपटू तेव्हाच पुढे पाठवले, तर पाठलाग स्लोव्हेनियाला करावा लागेल, आणि त्यांच्याकडे त्यासाठी मोजकेच समर्थ लोक आहेत. ते संपले की पोगाचारला एकतर स्वतः ओढावे लागेल किंवा आणखी लवकर निघावे लागेल. यासाठी आधी कोणताही करार करावा लागत नाही, फक्त तीन देशांच्या प्रशिक्षकांना एकच गोष्ट एकाच वेळी सुचावी लागते.

पुरुषांची शर्यत रविवारी, २७ सप्टेंबरला आहे, अनंत चतुर्दशीनंतर दोनच दिवसांनी, आणि मॉन्ट्रियल आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असल्यामुळे शेवटच्या फेऱ्या इथे रात्री उशिरा दिसतील. पळालेल्यांचे अंतर सांगणारा आकडा पाहत बसू नका. शेवटच्या शंभर किलोमीटरची सुरुवात होईल तेव्हा मुख्य घोळक्याच्या तोंडाशी कोणत्या जर्सी आहेत ते पाहा. निळ्या फिकट बेल्जियन जर्सी ओढत असतील तर ते पोगाचारचे काम फुकट करत आहेत. स्लोव्हेनियाच्या ओढत असतील आणि त्यांतली एक-एक बाजूला पडत असेल, तर जागे राहा.